पुढे

पणजीहून पत्र आलं. वेगाची तीन चलनं टाचलेली,
खाली शिक्का: पंधरा दिवसांत ऑनलाइन धडे पुरे करा,
नाहीतर लायसन तीन महिने बंद.
तीन महिने म्हणजे काय, ते साहेबाला कोण सांगणार?
मी बर्फ वाहतो. कुंडईच्या कारखान्यातून कुटबणच्या जेटीवर,
पहाटे चारला भरून.
लादी कोणासाठी थांबत नाही. भुसा टाका, गोणपाट टाका,
ती वाटभर गळत राहते,
आणि जेटीवरचा मिंगेल पैसे देतो
निघालेल्या बर्फाचे नव्हे, पोचलेल्याचे.

तर बसलोय सोप्यावर, दुपारचे दोन,
पाण्याच्या पिंपाला टेकून फोन उभा.
प्रणिशाने पासवर्ड घातला, म्हणाली,
बाबा, कशालाच हात लावू नका,
आणि ट्यूशनला गेली.

टाय लावलेला एक माणूस पांढऱ्या गाडीत बसतो,
पट्टा लावतो, आरसा नीट करतो, हसतो.
त्याच्या रस्त्यावर गाय नाही, खड्डा नाही,
भर वळणावर बस थोपवणारा कंडक्टर नाही.
खाली करडं बटण: पुढे.
फिल्म संपेपर्यंत ते हिरवं होत नाही.
अंगठ्याने दाबलं, मग तर्जनीने,
मग हॉर्नसारखं दाबूनच धरलं.
सव्वीस वर्षांत हा पहिला रस्ता
जिथे ओव्हरटेक नाही.

डोळा लागला की फिल्म थांबते, बाई विचारते:
तुम्ही आहात ना?
आहे, बाई. शांबा पुरसो गावडे, आहे.

धडा चौथा, चिन्हं. दहापैकी सहा.
उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या,
असा फलक कुठे पाहिल्याचं आठवेना.
धडा पाचवा. ब्रेक दाबल्यावर गाडी किती मीटर जाते
ते निळ्या पट्टीने दाखवतात.
पट्टी जाते. जातच राहते.

धडा सातवा, प्रश्न तिसरा.
अपघात झालेला दिसल्यास आपण काय कराल?
अ. थांबून मदत कराल.
ब. १०८ला फोन कराल.
क. फोटो काढाल.
ड. अ आणि ब दोन्ही.

माझं उत्तर यात नाही.

बोरीचा उतार, पुलाच्या अलीकडचं वळण,
दोन वर्षांमागचा एप्रिल, काळोख.
आरशात एक दिवा होता, बराच वेळ माझ्या मागे.
फाळक्यातून पाण्याची धार लागलेली,
ती नेहमीच असते.
वळणावर दिवा आडवा झाला,
आणि मग आरशात काही नव्हतं.
पाय ब्रेकवर गेला होता. गेला होता, हे खरं.
मागे चाळीस लाद्या.

सात वाजता परतलो तेव्हा तिथे माणूस नव्हता.
कडेला पोदेराची टोपली, उंडे रस्ताभर,
कावळे.
डांबर सुकलेलं.
महिनाभर मी पाव आणायला फोंड्याला गेलो,
गावातल्या पोदेराचा भोंपू वाजला की
परसात जायचो.

‘ड’ दाबलं.
हिरवी खूण. अगदी बरोबर!
बटण हिरवं झालं: पुढे.
अंगठा तसाच राहिला.
तुम्ही आहात ना?

प्रणिशा आली, चप्पल काढता काढता म्हणाली, दाबा की.
मी विचारलं, मागे जायचं बटण असतं का गे?
पास झालात ना, मागे कशाला, ती म्हणाली,
आणि तिनेच दाबलं.

आता फाळक्याखाली पत्र्याची पन्हळ आहे,
तिच्या टोकाला ऑइलचा जुना डबा.
बोरीच्या माथ्यावर तो भरतो.
गाडी बाजूला घेतो, उतरतो,
गटारात ओततो, परत टांगतो.
तेवढ्यात दोन-तीन दिवे पुढे निघून जातात.
जेटीवर मिंगेल काट्याकडे बघतो.
पात्रांव, म्हणतो, आज परत कमी.